पट्टीखालची चीर

मोनालीने दोन्ही पाय ब्रेकवर रोवले, पाठ सीटला टेकवून अंगातला सगळा जोर लावला, तेव्हा कुठे गाडी थांबली. समोरच्या ट्रकचा मागचा फाळका काचेपासून हातभर उरला होता. मागच्या बायांनी पुढच्या सीटा घट्ट धरल्या. त्या सगळ्या पांढरकवड्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्या; त्यांना रोज गावोगावहून आणायचं काम मोनालीचं.

तिने गाडी हायवेच्या कडेला घेतली आणि सगळ्यांना उतरायला सांगितलं. त्यांच्यातली उर्वशी म्हणाली, कामावर उशीर होईल. मोनालीने हात करून ऑटो थांबवला, त्यांना बसवून दिलं आणि मालकाला फोन लावला.

घनश्याम मोटरसायकलवर आला. गाडी त्याची, मोनाली पगारी ड्रायव्हर. त्याने बसून पेडल दाबून पाहिलं. जड होतं, हे त्यालाही कळलं असणार. पण तो म्हणाला की दाबलं तर लागतो ना ब्रेक, मग झालं. उद्या पुसदच्या लग्नाची ट्रिप होती.

"बाईच्या पायात जोर कमी पडते," तो म्हणाला. "शाम चालवतच होता ना हीच गाडी."

गेल्या दिवाळीपर्यंत ही गाडी शाम चालवायचा. केळापूरच्या वाटेवर त्याच्या गाडीखाली रुक्माबाई आली, म्हातारीचं मांडीचं हाड मोडलं. ब्रेक दगडासारखा झाला होता, दबलाच नाही, असं शाम ज्याला त्याला सांगत राहिला. घनश्यामने सांगितलं की तो पिऊन होता. शाम कधीमधी प्यायचा, म्हणून लोकांना ते पटलं. मोनालीलाही पटलं होतं. त्याच्या जागी तीच तर बसली होती.

"मी नाही चालवत," ती म्हणाली. "आधी ब्रेक नीट होईन, मंग पुसद."

घनश्याम बराच वेळ बोलत राहिला. ती गाडीत बसली आणि पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून, चालत्या माणसाच्या गतीने गाडी अंकुरच्या गॅरेजला घेऊन गेली. मागून हॉर्न वाजत होते. तिने वळून पाहिलं नाही.

अंकुरने ब्रेक ऑइल पाहिलं, चाकं खोलून पॅड पाहिले. सगळं ठीक होतं. घेऊन जा, म्हणाला. मोनाली जागची हलली नाही. बूस्टर पाहिल्याशिवाय गाडी इथून जाणार नाही, असं तिने सांगितलं. ड्रायव्हरच्या पायाचा जोर वाढवून ब्रेकला देणारा तो डबा. तो चालत नसेल तर पेडल दगडच होणार.

अंकुरने तिला इंजिन बंद करून पेडल चार-पाचदा दाबायला लावलं, मग पाय दाबून ठेवूनच इंजिन सुरू करायला सांगितलं. बूस्टर चालू असता तर पेडल पायाखाली थोडं खाली गेलं असतं. ते तसूभर हललं नाही. बॉनेट उघडलं तेव्हा इंजिनच्या आवाजाखालून बारीक सूं सूं ऐकू आलं. मोनाली वाकली. इंजिनपासून बूस्टरकडे जाणाऱ्या रबरी नळीवर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. उष्णतेने ती सुटली होती. पट्टीखाली नळीला बोटभर लांब चीर होती, आणि चिरेच्या कडा जुन्या, तेलकट, काळ्या पडलेल्या होत्या.

"ही पट्टी कोणं मारली?"

अंकुर हात पुसत राहिला.

"बंपर बदलाले आलती ना गाडी, तवा," तो म्हणाला. "मी घनश्यामभाऊले नवीन नळी टाक म्हटलं होतं."

बंपर रुक्माबाईच्या अपघातानंतर बदललं होतं. म्हणजे चीर तेव्हाच होती. नवी नळी बसली. पुन्हा तीच तपासणी केली तेव्हा पेडल पायाखाली अलगद खाली गेलं.

घनश्याम गाडी घ्यायला आला तेव्हा जुनी नळी तिच्या हातात होती. त्याने ती पाहिली. झालं ना काम, कचरा फेकून दे, म्हणाला.

"गाडी तुमची हाये, भाऊ. नळी माह्यासंग जाईन."

तर मग उद्यापासून येऊ नको, असं तो म्हणाला. ते ऐकायला ती तयारच होती. तिने चावी बॉनेटवर ठेवली.

शामचा पोड, कोलामांची छोटी वस्ती, हायवेपासून आत होता. ऑटो जिथवर गेला तिथवर ती गेली, पुढे पायी. शाम अंगणात बसून बांबूच्या कमट्या काढत होता. मोनालीने नळी पुढे केली, पट्टी कधी मारली ते सांगितलं. तो चकित झाला नाही. हातातला कोयताही थांबला नाही.

"मले काहून दाखवतं, ताई? मले त मालूमच हाये," तो म्हणाला. मग त्याने हनुवटीने घराकडे दाखवलं. "तिले दाखव."

जमनी, त्याची बायको, दारात येऊन उभी होती. मोनालीने तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं, सकाळच्या ट्रकपासून. जमनीने नळी घेतली, चिरेत अंगठ्याचं नख घालून पाहिलं. नवऱ्याकडे मात्र तिने पाहिलं नाही.

मोनाली निघू लागली, तशी जमनीने तिचा हात धरला.

"तू पण चाल," ती म्हणाली. "रुक्माबाईच्या घरी. पेऊन होता म्हून तिले मीच सांगतलं होतं."

अंगणातला कोयत्याचा आवाज थांबला. शाम उठला आणि पडवीत आपल्या चपला शोधू लागला.