डागाचा धनी

डाग वरच्या बाथरूममुळेच पडलाय एवढं सिद्ध झालं, की धाकटीच्या पदरात दोन गोष्टी पडणार होत्या: छताची दुरुस्ती थोरल्या जावेच्या खर्चाने, आणि थोरलीच्या नव्या, आल्यागेल्याला कौतुकाने दाखवून झालेल्या फरशांवर हातोडा. दुसरीसाठी पहिली सोडायलाही ती तयार होती.

घर एक, मजले दोन. खाली धाकटी, वर थोरली, आणि थोरलीकडे सासूबाई. त्यांच्याबद्दल थोरलीने सगळ्यांसमोर बजावलं होतं, "जेवूखाऊ घालीन, औषधपाणी करीन. पण अंथरूण ओलं व्हायला लागलं, की मला जमायचं नाही. त्या दिवशी वृद्धाश्रम." धाकटीनेही मान डोलावली होती. न डोलावून करते काय, सासूबाई खालीच आल्या असत्या.

प्लंबरने वरच्या बाथरूमची मोरी चिंध्यांनी बुजवली, घोटाभर पाणी तुंबवलं आणि भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. "दिवसभर राहू दे. पाणी उतरलं आणि खाली डाग वाढला, तर फरशी फोडायची."

थोरली ऑफिसला जाताना जिन्यात थांबली. "बस आता छताकडे बघत. तेवढाच उद्योग."

"बसते ना ताई. तुमच्याच कृपेने बघायला काहीतरी आहे."

दुपारी डाग खरंच वाढला. एक थेंब फुगला, लोंबला आणि तिच्या उशीवर पडला. धाकटी उड्या मारतच वर गेली. पण बाथरूममधलं पाणी खुणेपासून केसभरही हललं नव्हतं. पाण्याचा आवाज येत होता तो सासूबाईंच्या गॅलरीतून.

सासूबाई स्टुलावर बसून चादर धूत होत्या. गॅलरीची जाळी तुंबलेली; साबणाचं पाणी भिंतीलगतच्या भेगेत गुपचूप मुरत होतं. आत गादी उलटी करून ठेवलेली, आणि खोलीला वास.

"तिला कळू देऊ नकोस गं," ओल्या हातांनी पदर सावरत त्या म्हणाल्या. "फोडू दे की फरशी. तुला तेच हवंय ना?"

म्हातारी भोळी नव्हती. धाकटीला हसू आलं, ते तिने गिळलं. "नाही सांगत, आई," ती म्हणाली, आणि म्हणताना तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. तिने पायाने बाथरूममधल्या चिंध्या सैल केल्या. पाणी उतरलं.

संध्याकाळी सगळे जमले. प्लंबरने खूण पाहून हातोडा काढला.

"फोडा," थोरली म्हणाली. "पण ऐकून ठेव. फोडूनही डाग राहिला, तर माझी अख्खी बाथरूम तू करून द्यायचीस."

धाकटीने मनात आकडेमोड केली. चादरी धुतल्या जाणारच, म्हणजे डागही येणारच. चादरी गुपचूप खाली आणून आपणच धुवाव्यात, असंही मनात आलं. पण मग रोज. आणि किती वर्षं?

"थांबा," ती म्हणाली. "आधी आईंची गॅलरी बघा."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आत जाऊन त्या गादी सरळ करू लागल्या.

गॅलरीची भेग एका सकाळीत बुजली, खर्च दोघींच्या नवऱ्यांनी निम्मा-निम्मा उचलला. थोरलीच्या फरशांचा टवकाही उडाला नाही. धाकटीचं छत पांढरंशुभ्र झालं. उरलेलं सगळं सासूबाईंनी भरलं: त्या आता अनोळखी बायकांच्या खोलीत, दारालगतच्या खाटेवर असतात. तिथे त्यांच्या चादरी दुसरं कुणीतरी धुतं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत धुतं.