हळदीचा सदरा

पनवेलजवळ आटपाट विचुंबं गाव होतं. तिथं काशिराम राहत होता. काशिरामाची बायको रंभा. थोरला मुलगा जगन, धाकटा प्रितम. थोरली सून कुमुद, धाकटी मनस्वी. शेतं गेली, शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, दारात गाडी आली, पण लोखंडी पेटीतला एक सदरा काही घराबाहेर गेला नाही. तो सदरा मी. आज मीच बोलतोय. ऐकताना हातातलं काम सोडू नका. कपड्याचं बोलणं असं कामात असतानाच ऐकायचं असतं.

मी जन्मलो पनवेलच्या बाजारात. काशिरामाच्या आईनं मांजरपाट घेतला आणि शिंप्याच्या पुढ्यात टाकला. त्यानं मला कात्रीनं फाडलं, सुईनं भोसकलं, तापल्या इस्त्रीखाली दाबलं आणि मग हातभर लांब धरून म्हणाला, "वा! काय सुरेख झालाय!" माणसं सुरेख कशाला म्हणतात, ते मला तिथंच कळायला हवं होतं.

पहिल्यांदा मला अंगात घातलं ते काशिरामानं, त्याच्या हळदीला. अंगणात मांडव, मांडवात बायका, मधोमध लग्नाची गाणी गाणारी धवलारीण. तेलात कालवलेली हळद काशिरामाच्या गालाला, दंडाला फासली आणि हळदीचे हात सगळ्यांनी माझ्या अंगाला पुसले. आधी पांढराशुभ्र सदरा घालायचा, मग त्यालाच बरबटायचं, आणि त्याला शुभ म्हणायचं. असो. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती पुढची. या घराची एक रीत होती. हळदीचा सदरा टाकायचा नाही, पुढच्या नवरदेवासाठी ठेवायचा. आणि तो धुवायचा नव्या सुनेनं, आपल्या हातानं. डाग निघाला तर सुनेचा हात बरकतीचा. नाही निघाला तर हात नासका. नासक्या हाताच्या सुनेनं देव्हाऱ्याला शिवायचं नाही, लोणच्याच्या बरणीत हात घालायचा नाही, पंगतीत वाढायचं नाही. तिनं मागच्या दारी बसून सगळ्यांच्या मागून जेवायचं.

रंभा नवी नवरी होऊन आली तेव्हा अगदी पोरसवदा होती. हातावरची मेंदीही ओली वाटावी इतकी नवी. सासूनं मला तिच्यापुढं टाकलं. पोरीनं साबणाची वडी घेतली आणि घासली. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे त्या पोरीला कुठून ठाऊक? बघता बघता मी लालभडक.

"रगत!" सासू ओरडली. "पोरीनं घरात रगत आनलं गो! या गो बायांनो, बगा!"

आळीतल्या बाया आल्या, बघून गेल्या. रंभा रडली. पण पोर हुशार होती. शिकली. तांदळाचं कोरडं पीठ माझ्यावर दाबून ठेवायचं, ते तेल पितं. पीठ झटकून मग साबण लावायचा. लाल झालं की घाबरायचं नाही, लिंबू पिळायचं. आणि मग उन्हाला टाकायचं, कारण हळदीचा पिवळेपणा ऊन खातं. मी पांढरा झालो. रंभा हसली. दुसऱ्या दिवशी बघतात तर छातीवर पुन्हा डाग. धुतला. पुन्हा आला. पुन्हा धुतला, पुन्हा आला.

एका दुपारी रंभानं दाराआडून पाहिलं. सासूनं समईच्या तेलात अंगठा बुडवला, हळदीत टेकवला आणि माझ्या छातीवर दाबला.

रंभानं ते गिळलं. म्हातारीला स्मशानात पोचवून माणसं घरी आली, त्यानंतर रंभानं मला धुतलं आणि तेव्हापासून मी पांढरा राहिलो.

तुम्हाला वाटेल, जिनं एवढं सोसलं ती आपल्या सुनांना फुलासारखं जपेल. मलाही तसंच वाटलं होतं. कापूस भोळा असतो.

जगनच्या हळदीला मी पुन्हा पेटीतून निघालो. थोरली सून कुमुद, आपटा गावची. नदीवर वाढलेली, धुण्याला कधी न भिणारी. तिनंही साबण घासला, मीही लाल झालो. रंभा ओरडली, "रगत!" शब्द तोच, सूर तोच. म्हातारी पुन्हा उठून आली की काय, असं वाटावं.

कुमुदनं मला धोपटलं, पिळलं, गरम पाण्यात उकळलं. मी पांढरा व्हायचो आणि दुपारी रंभाचा अंगठा यायचा. उजव्या हाताचा. मासळी कापताना विळी लागली होती, म्हणून त्या अंगठ्यावरून तिरका खोल व्रण गेला होता. तो व्रण मी जितका ओळखतो तितका काशिरामही ओळखत नसेल.

पुढं कुमुदला दिवस गेले आणि तिचं पोट पडलं. ती कुडकुडत पडली होती. रंभा दारात उभी राहिली आणि म्हणाली, "हातच नासका. पोट नासनार नाय तर काय व्हनार?"

जगन तिथंच होता. मोबाईल बघत होता. त्यानं मान वर केली, पुन्हा खाली घातली.

त्या दिवसापासून कुमुद बोलायची थांबली. मागच्या दारी बसायची, उरलंसुरलं खायची. आळीतल्या बाया बारशाला रंभाला बोलवायच्या, आणि बोलावताना हळूच सांगायच्या, "थोरलीला आनू नका हां, मावशी."

मग प्रितमनं नवीन पनवेलच्या मुलीशी जमवलं. मनस्वी तिचं नाव. बाप बँकेत, आई शाळेत. प्रितमचे मालाचे ट्रेलर बंदराजवळच्या द्रोणागिरीतल्या गोदामांना जायचे, तिथल्याच एका ऑफिसात ही नोकरीला होती. रंभाला अशी सून नको होती. तिला आपल्यातली हवी होती, मान खाली घालणारी. पण प्रितम ऐकेना.

लग्नाआधी रंभानं मला स्वतः गच्चीवर नेलं. पीठ, साबण, लिंबू, ऊन. मी लख्ख. मला हातात नाचवत ती कुमुदसमोर आली. "बगितलंस? तुज्या हातून जल्मात गेला नाय. माज्या हातून कसा गेला?"

कुमुदनं बघितलं आणि भांडी घासायला गेली.

प्रितमच्या हळदीला मी पुन्हा पिवळा झालो, लग्न झालं. लग्नानंतरचे कुळाचाराचे सोळा पुजले. रंभानं मला मनस्वीच्या मांडीवर टाकलं.

"वॉशिंग मशीनला लावते, आई," मनस्वी म्हणाली.

"हातानं. आमच्या घरची रीत हाय."

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. साबण. लाल. "रगत!" बाया.

मनस्वी रडली नाही. नवऱ्याकडं गेली. "प्रितम, हे काय चाललंय? आपण वेगळं राहूया."

"एक शर्ट तर हाय गो," प्रितम म्हणाला. "धुऊन टाक ना. आईला कशाला दुखवतेस?"

रंभानं दारातूनच ऐकवलं, "गौरी येईस्तोवर मुदत देते. गौरीला सदरा पांढरा दिसला नाय, तर उचल पिशवी आन जा बापाकडं. नासक्या हाताच्या दोन दोन सुना मला पोसायच्या नायत."

मनस्वीचा चेहरा तेव्हा मी पाहिला. घाबरलेला होता. तिला परत जायला घर होतं, पण अशी हाकलली जाऊन जायचं नव्हतं. आणि प्रितम मागून येईल, याची तिला आता खात्री राहिली नव्हती.

मग माझे हाल सुरू झाले. मोबाईलवर बघून तिनं माझ्यावर काय काय नाही ओतलं! खायचा सोडा चोळला. व्हिनेगर ओतलं, ते शिवणीशिवणीत झोंबलं. भांडी घासायचं लिक्विड, दात घासायची पेस्ट. वर्तमानपत्राचा कागद ठेवून वरून इस्त्री फिरवली, तर कागदाची अर्धी बातमी माझ्या पाठीवर उमटली. शेवटी अंगाला लावायच्या पावडरचा डबा उपडा केला. आणि ते लागू पडलं. पावडरीनं तेल ओढलं, लिक्विडनं उरलेलं नेलं, लाल आलं तिथं लिंबू लागलं, आणि गच्चीवरच्या उन्हानं बाकीचं संपवलं.

"आई, बघा!"

रंभानं मला उलटसुलट केलं. "सुकू दे पुरता. मग बघू."

दुपारी अंगठा आला. संध्याकाळी डाग होता.

"तेल आतून वर येतं," रंभा म्हणाली. "हात नासका असला की असंच व्हतं."

असं किती वेळा झालं, विचारू नका. मनस्वीच्या बोटांची सालं निघाली. ऑफिसात टायपिंग करताना झोंबायचं. हळूहळू तिलाही वाटू लागलं, खरंच आपल्या हातात काही असेल. तेच मला सर्वांत क्रूर वाटलं. मी फाटलो तरी चाललं असतं. शिकलेली, हसणारी मुलगी स्वतःच्याच हातांकडं संशयानं बघू लागली.

घरात गणपती बसले. गौरी यायच्या दिवशी मनस्वीनं मला पहाटेच धुऊन गच्चीत टाकलं. दुपारपर्यंत मी कोरा, कडक. खाली बायांची लगबग. रंभा वर आली, इकडंतिकडं बघितलं आणि अंगठा दाबला. रोजच्यापेक्षा जोरात. खाली उतरून गेली.

ती उतरते न उतरते तोच दुसऱ्या जिन्यानं मनस्वी मला न्यायला आली. डाग बघितला. तशीच खाली बसली. हातात पावडरचा डबा होता, तो तिनं सवयीनं माझ्यावर शिंपडला. डाग ताजा होता, तेल अजून पसरलं नव्हतं. वरची पावडर तिनं फुंकरीनं उडवली.

तेलावर पावडर चिकटून राहिली. लांबट गोल, अंगठ्याएवढा. आणि मधून तिरकी कोरी रेघ.

मनस्वीनं ती रेघ ओळखली. ती मला दोन्ही हातांवर घेऊन, ताट नेतात तसं, खाली उतरली.

खोलीत गौरी बसल्या होत्या. आळीतल्या बाया होत्या. रंभा नवी साडी नेसून सगळ्यांना हळदकुंकू लावत होती. कुमुद दाराबाहेर, चपलांपाशी.

"झाला का पांढरा?" रंभानं विचारलं. सगळ्या बाया वळून बघू लागल्या.

"नाही झाला," मनस्वी म्हणाली. "आई, तुमचा अंगठा दाखवा."

"काय?"

"उजवा."

रंभानं हात पदराखाली घेतला. एवढ्यात दाराबाहेरून कुमुद आत आली. आत यायची तिला मनाई होती. ती सरळ रंभापाशी गेली, तिचा हात पदरातून ओढून काढला आणि अंगठा माझ्या छातीवर टेकवला. व्रणावर रेघ बसली. अशी बसली, जशी कुलपात किल्ली.

एक बाई हळूच म्हणाली, "अगो बाय!"

"माज्या सासूनं बी माज्यासंगं हेच केलतं," रंभा पुटपुटली. "मी बी सोसलं."

कुमुद किती तरी वर्षांनी मोठ्यानं बोलली. "मग तुमाला ठावं व्हतं. किती दुखतं ते तुमाला ठावं व्हतं. माजं पोर गेलं तवा तुमी दारात उभ्या राहून काय म्हनालात? आता गौरीसमोर बोला."

रंभानं पदर तोंडावर धरला. दारात जगन येऊन उभा होता. या वेळी त्यानं मान खाली घातली नाही. आईकडं बघत राहिला.

"सदरा धुवा," कुमुद म्हणाली. "आत्ता. सगल्यांसमोर."

आणि रंभानं मला धुतलं. अंगणात, नव्या साडीत, उकिडवं बसून. पीठ, साबण, लिंबू. बाया गोल करून उभ्या. हात इतके सराईत चालले की बघणाऱ्या प्रत्येकीला कळलं, हिला सगळं येत होतं. कुमुद डोक्यावर उभी होती. "अजून पिवलं हाय, आई. अजून घासा. हात नासका हाय का तुमचा?"

रंभाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि कुमुदच्या ओठांवर हसू होतं. ते हसू मी आधीही पाहिलं होतं. म्हाताऱ्या सासूच्या ओठांवर पाहिलं होतं, मग रंभाच्या. आता तिसरी.

मनस्वीनंही ते पाहिलं असावं. ती आत गेली आणि कात्री घेऊन आली.

"ताई, बास." तिनं मला रंभाच्या हातातून ओढून घेतलं आणि कात्री लावून गळ्यापासून खालपर्यंत टर्रकन फाडलं. "या घरात आता हळदीचा सदरा नाही. ज्याला हवा त्यानं बाजारातून आणावा, आणि त्यानंच धुवावा."

शिंप्यानं फाडलं तेव्हा मी जन्मलो होतो. मनस्वीनं फाडलं तेव्हा सुटलो. माझी एक बाही प्रितमच्या मोटरसायकलची चेन पुसायला गेली. त्या काळ्या ग्रीसवर पीठही चालत नाही, लिंबूही नाही. दुसरी बाही ओट्यावर आहे. पाठ मात्र कुमुदनं घडी करून ठेवली. कशाला, ते तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

कुमुद मागच्या दारी पुन्हा बसली नाही. पंगतीत वाढू लागली. जगन तिच्याबरोबर डॉक्टरांकडं जाऊ लागला. रंभाशी ती आजही मोजकंच बोलते, आणि रंभाही मोजकंच ऐकते. तुम्ही म्हणाल माफी? कपड्यातला डाग जातो, पण तिथलं सूत थोडं विरतंच.

आज मी पाठीच्या कापडाचं शिवलेलं झबलं आहे. धुऊन धुऊन इतका मऊ झालोय की नव्या जिवाला टोचणार नाही, म्हणून कुमुदनं मला जपलं होतं. माझ्या आत तिची लेक आहे, कालच बारसं झालेली. बारशाला कुमुद सगळ्यांच्या पुढं बसली होती.

सकाळी रंभा नातीला पायांवर घेऊन तेल लावते. पोर लाथा झाडते, कुरकुरते. तोच अंगठा तेलात बुडतो आणि इवल्याशा छातीवरून हलकेच फिरतो. मग झबल्याला पुसला जातो. डाग पडतो. कुमुद बघते आणि काही म्हणत नाही.

बायांनो, तेलाच्या डागावर आधी कोरडं पीठ दाबा, मग साबण, लिंबू, ऊन. निघतो. आणि निघालेला डाग परत आला, तर हातांना दोष देण्याआधी घरातले अंगठे बघा.

ही सदऱ्याची कहाणी कात्रीनं संपली नाही, झबल्यात येऊन पुरी झाली. कुमुदची कूस जशी भरली, तशी तुम्हा आम्हा सगळ्यांची घरं भरोत.