उभा रकाना

जिनुनाने नीरफणसाच्या पानांत गुंडाळलेला खेकडा थेट उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर आपटला. पानं सुटली. उकडून लालभडक झालेली एक नांगी टेबलाबाहेर लोंबू लागली आणि वरच्या चार-पाच उत्तरपत्रिका पाण्याने भिजल्या.

"खा," तो म्हणाला.

नववीचा वर्ग चालू होता. किओरेने हातातला खडू खाली ठेवला आणि मुलांकडे न बघताच त्यांना बाहेर जायला सांगितलं. मुलं उठली, पण लांब कोण जातंय. खिडकीच्या काचपट्ट्यांमागे एकेक डोकं येऊन उभं राहिलं.

"बाहेर कशाला काढतेस? बसू दे की त्यांना," जिनुना म्हणाला. "परवा माझी भर जेवणावळीत शोभा झाली. आज तुझी वर्गात झाली तर काय बिघडलं?"

"मामा, शाळा सुटल्यावर बोलू."

"शाळा सुटली की तू नुसती किओरे. मला बाईंशी बोलायचंय."

हे शनिवारचं उट्टं होतं. शनिवारी जिनुनाच्या धाकट्या नातीचा पहिला वाढदिवस झाला. अणुबॉम्बच्या चाचणीची राख पडलेल्या आणि आठ वर्षांपूर्वी सगळ्यांनी मिळून सोडलेल्या बेटावर गेल्या आठवड्यात पाहणीची बोट गेली होती. घराण्याचा कर्ता म्हणून जिनुना तिच्यातून गेला, वाडवडिलांच्या थडग्यांवरचं गवत काढून आला, आणि येताना नारळाच्या रानातले बारा खेकडे घेऊन आला. पुढे आलेलं अन्न नाकारायचं नाही, पोट भरलं असेल तर बांधून घरी न्यायचं, हे या लोकांत मूल बोलायला लागायच्या आधी शिकतं. त्या दिवशी नववीतल्या अकरा मुलांनी भात खाल्ला, मासा खाल्ला, डुकराचं मांस मागून घेतलं, आणि खेकडा पानात होता तसा ठेवून दिला. वर जिनुनाच्या सख्ख्या नातीने, नेरोकने, शेजारणीला खणखणीत आवाजात सांगितलं की याच्यात हाडात जाऊन बसणारं काहीतरी असतं, बाईंनी तक्त्यावर दाखवलंय. पाहुण्यांतलं कुणीतरी हसलं. त्या हसण्याने जिनुना दोन रात्री झोपला नव्हता.

"शुक्रवारी सभा आहे," तो आता म्हणाला. "बेटावर परत जायचं, का राजधानीच्या शेपटीला या उसन्या वाळूवर कुजत राहायचं, त्याचा निकाल लागणार. तुझी ही कार्टी घरी जाऊन आयांना घाबरवतात. आया नवऱ्यांना घाबरवतात. मग पुरुष माझ्याकडे येऊन म्हणतात, जिनुना, जरा थांबू या. आठ वर्षं थांबलोय मी."

"मी शिकवते ते पुस्तकात आहे."

"पुस्तक कुणाचं? ज्यांनी राख पाडली त्यांचंच ना?" त्याने नांगी तिच्याकडे सरकवली. "एक खा. पोरांना दिसू दे. नाही खाल्लीस तर आजपासून तू माझ्या बहिणीची मुलगी नाहीस. वाढदिवसाला तुला बोलावणं नाही, मयताला नाही. तू मेलीस तर आमच्यातला एक माणूस खांदा द्यायला यायचा नाही."

तो बोलला तसं करणारा माणूस होता. त्यांच्यात जमीन आईकडून येते, गोत आईकडून येतं, आणि आईच्या भावाने एकदा नाव टाकलं की ते उचलणारा कुणी नसतो. किओरेचा नवरा केव्हाच दुसऱ्या बेटावर दुसरा संसार थाटून बसला होता. मूलबाळ नव्हतं. आई गेली होती. उरलं होतं ते एवढंच गोत, आणि ते आता टेबलावर मांडून ठेवलं होतं.

एका नांगीने तिला काही होणार नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. चघळून गिळून टाकली असती तर पाच मिनिटांत सगळं मिटलं असतं. पण खिडकीतल्या डोळ्यांसमोर ती खायची, आणि उद्या त्याच डोळ्यांसमोर तक्त्यावर पट्टी ठेवून शिकवायचं, हे तिच्याने होणार नव्हतं. तिला मामाचा मनस्वी राग आला. त्याने खेकडा आणला याचा नाही, तर तिच्या मनात काय चाललं असेल हे ओळखून तो आणला याचा.

"तुम्हाला तो तक्ता वाचता येत नाही," ती म्हणाली, "म्हणून तो खोटा, होय ना?"

हे तिने मुद्दाम लागावं म्हणून म्हटलं. जिनुना काड्या बांधून लाटांचे नकाशे करायचा. कुठल्या बेटाला आपटून लाट कशी वळते, हे तो होडीत आडवा पडून पाठीने ओळखायचा. वाचता येत नाही, असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग दगडासारखा.

"शिकव," तो म्हणाला. "बघू तुझी अक्कल."

ती पट्टी घेऊन तक्त्याकडे गेली. तो हाताची घडी घालून तिच्या मागे उभा राहिला, इतक्या जवळ की त्याचा श्वास तिला मानेवर लागत होता.

"एकेक चौकोन म्हणजे एकेक मूलद्रव्य. वरचा आकडा म्हणजे त्याच्या अणूच्या केंद्रात किती प्रोटॉन आहेत ते. तेवढेच इलेक्ट्रॉन बाहेरून, थराथरांत."

"मला कळेल असं सांग. का तुलाच कळलं नाहीये?"

ती वळली. "होडी धरा मग. मधोमध माल. जेवढा माल तेवढी माणसं. ती आतल्या रांगेपासून बसत येतात. आतल्या रांगा भरल्या की उरलेली सगळ्यात बाहेर, उलांडीवर, होडीच्या बाजूला बांधलेल्या लाकडावर. दुसऱ्या होडीला हात घालायचा, बांधून घ्यायचं, सोडायचं, ते काम फक्त उलांडीवरच्यांचं. आतल्यांचा हात पोचत नाही."

"उलांडीवर किती?"

"ज्याची त्याची ठरलेली. या उभ्या रकान्यात सगळ्यांची दोन."

जिनुना तक्त्याजवळ गेला. मग त्याने बोट आधी आडवं फिरवलं, नंतर उभं.

"म्हणजे आडवं गेलं की एकेक माणूस वाढतो. आणि उभं खाली गेलं की होडी मोठी होत जाते, पण उलांडीवर तेवढीच राहतात."

अर्ध्या नववीला हे महिनाभरात समजलं नव्हतं.

"हे कॅल्शियम," तिने पट्टी ठेवली. "वीस. आपली हाडं, दात, हा बाहेरचा प्रवाळ, सगळ्यात हेच. आणि बरोबर खाली स्ट्रॉन्शियम. अडतीस. होडी मोठी, पण उलांडीवर दोनच. शरीर होडी मोजत नाही, हात बघतं. आपलंच समजून हाडात घेतं. मातीतलं साधं स्ट्रॉन्शियम असेल तर काही बिघडत नाही. राखेतलं होतं ते फुटणारं. ते हाडात बसून वर्षानुवर्षं फुटत राहतं."

"आणि खेकडा?"

"खेकडा कात टाकली की आपलंच कवच खाऊन टाकतो. एकदा आत गेलेलं बाहेर पडतच नाही."

त्याचं बोट कॅल्शियमवरून एक घर डावीकडे सरकलं.

"हे काय?"

"पोटॅशियम. उलांडीवर एक."

"ते कशात असतं?"

"पुष्कळ गोष्टींत. आपल्याकडे म्हणाल तर नारळात."

बोट एक घर खाली आलं. "आणि हे?"

"रुबिडियम."

"राखेत होतं?"

"नावापुरतं."

बोट आणखी एक घर खाली आलं.

"सिझियम," ती म्हणाली.

"हे होतं," जिनुना म्हणाला. त्याने विचारलं नव्हतं.

तो मागे सरकला आणि पहिल्या बाकावर बसला. बाक लहान होता, त्याचे गुडघे छातीशी आले.

"धक्क्यावर पाटी लावली होती त्यांनी," तो म्हणाला. "राख पडून तीन वर्षं झाली, मग म्हणाले, जा परत. गेलो. काही दिवसांनी पाटी. मासे खा, नारळ बेताने, खेकडा बंद. मी विचारलं, असा कुठला विटाळ आहे की जो माशाला लागत नाही आणि नारळाला लागतो? पाटी लावणारा म्हणाला, लिहिलंय तेवढं करा. आम्ही हसलो. आम्हाला वाटलं, आम्हाला हुसकावून खेकडे यांनाच खायचेत."

किओरेला जिंकल्यासारखं वाटलं, आणि ते तिला आवडलं. शनिवारपासून बायका तिला बघून रस्ता बदलत होत्या. खिडकीपर्यंत ऐकू जावं म्हणून तिने आवाज चढवला.

"कारण होतं, मामा. त्यांनी सांगितलं नाही, तो त्यांचा उर्मटपणा. पण कारण होतं. ते सगळं या दोन रकान्यांत आहे, आणि ते तुम्ही आत्ता माझ्याआधी वाचलंत."

त्याने ते ऐकलं की नाही कोण जाणे. तो अजून तक्त्याकडेच बघत होता.

"पोटातल्या मुलाची हाडं कशातून होतात?"

आठवीच्या पुस्तकातला प्रश्न होता. शिकवण्याच्या भरात तिने उत्तर देऊन टाकलं. "आई खाते त्यातून. कमी पडलं तर आईच्या हाडांतून."

"लाबिनच्या वेळी तुझ्या आईला याचेच डोहाळे लागले होते," जिनुना म्हणाला.

पट्टी किओरेच्या हातात तशीच राहिली. लाबिन तिचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांचा होऊन होनोलुलूच्या एका इस्पितळात वारला. रक्ताचा आजार, एवढंच घरात बोललं जायचं. पुढचं कुणी विचारत नसे, आणि जिनुना घरात असला की लाबिनचं नावही कुणी काढत नसे. मामाला भाचा जिवापाड होता म्हणून, असं ती आजवर समजत आली होती.

"डॉक्टर म्हणाले होते," ती घाईने म्हणाली, "की कशामुळे झालं ते सांगता येत नाही. कुणालाच नाही. तशी मुलं कुठंही आजारी पडतात, मामा."

"पाटी मी वाचली होती."

"मांसात फारसं नसतं. जे असतं ते कवचात."

"कवच कुटून उकळायचो. माझ्या आईची रीत. पोटुशी बाईची हाडं धरावीत म्हणून ते पाणी गाळून पाजायचं. मी स्वतः कुटायचो, बायकांच्या हाताला जोर नसतो म्हणून."

खिडकीत कुणीतरी खोकलं. किओरेला मघाचा आपला चढलेला आवाज आठवला आणि तिला स्वतःची किळस आली. इतकी वर्षं हा माणूस बेट बेट करत का ओरडत होता, कुणी बेटाचं वाईट बोललं की अंगावर का धावून जात होता, ते आता तिला दिसलं. बेट निर्दोष ठरलं असतं तर त्याच्याबरोबर तोही निर्दोष ठरणार होता. सभेसाठी मतं मागत तो दारोदार फिरत होता तो याचसाठी. आणि ती मात्र हातात पट्टी घेऊन त्याला रकाना वाचायला शिकवत होती.

ती टेबलाकडे आली. नांगी मुळातून पिरगाळून काढली, टेबलाच्या कडेवर आपटून फोडली, आणि पांढरं मांस ओढून काढलं. खिडकीतली डोकी हलली. नेरोक त्यांच्यात होती. उद्या या मुलांना काय सांगायचं, ते उद्या बघता आलं असतं.

"काही होत नाही, मामा," ती म्हणाली. "हे बघा. मी खाते."

तिने मांस तोंडात घातलं. चव तिला आठवत होती, हे तिला ठाऊक नव्हतं.

जिनुना बाकावरून उठला तो बाक उलटा पाडूनच. एका हाताने त्याने तिचा जबडा धरला, लहान मुलाने माती खाल्ली की धरतात तसा, आणि दुसऱ्या हाताची ओंजळ तिच्या हनुवटीखाली धरली. त्याची पकड सुटत नव्हती.

"थुंक."

ती मानेने नाही म्हणाली.

"थुंक म्हणतो ना. सगळं थुंक."

तिने त्याच्या हातात थुंकलं. त्याने बोट घालून तिच्या गालात काही उरलंय का ते बघितलं, मग मूठ मिटली. दोघांना धाप लागली होती.

"तुझ्या आईने दोनदाच मागितला होता," जिनुना म्हणाला. "बाकीचे मी माझ्या मनाने नेले."