कोटाच्या खिशातला मध

खुर्ची एकच होती. ती क्लाइव्ह ऑर्मरॉडला मिळाली असती तर त्याच्या पदरात काय काय पडलं असतं, ते आधी मांडून घेऊ. स्कारबरोच्या हॉटेलात, भरल्या सभागृहापुढे, रोझालिंड थ्वेटच्या शेजारी पाऊण तास बसायला मिळालं असतं. तिच्या ग्लासात पाणी ओतायला मिळालं असतं. ग्लेनिस पिकर्सगिल खाली पहिल्या रांगेत, म्हणजे त्याच्या बुटांच्या पातळीवर बसली असती. आणि तीस वर्षं जिभेवर घोळवलेला एक प्रश्न विचारायला मिळाला असता. आम्ही तो शेवटी लिहिला असला, तरी क्लाइव्हच्या लेखी तो सगळ्यात वरचा.

प्रश्न असा. 'हेलवर्ड स्टेशन' या जुन्या मालिकेच्या अगदी शेवटच्या भागात कॅप्टन टॅलो यान घेऊन थेट सूर्यात शिरतो. त्याच वेळी इकडे अंतराळस्थानकाच्या कोठीत कोठीवाली इल्व्हा खोकी मोजत असते. नऊ, दहा, अकरा, आणि थांबते. बाराव्या खोक्यावर हात आहे, पण तोंडातून 'बारा' येत नाही. मान वळवून ती दाराकडे बघते. तिला कुणी काही सांगितलेलं नसतं. मग कळलं कसं? क्लाइव्हचं म्हणणं, प्रेम. सगळ्या भागांत एक शब्द न बोलता केलेलं. या एका नजरेवर त्याने मालिकेच्या चाहत्यांच्या क्लबच्या वार्षिक अंकात चार लेख लिहिले होते. आपलं लग्न मोडलं ते या लेखांमुळे नव्हे, असं तो कुणी न विचारताच सांगत असे.

इल्व्हाचं काम करणारी बाई म्हणजे ही रोझालिंड थ्वेट.

क्लब वेकफिल्डमधल्या 'ब्लाइंड हेरन' पबच्या माडीवर महिन्यातल्या एका रविवारी दुपारी भरायचा. पूर्वी खालून खुर्च्या आणाव्या लागत. आता माणसं चार उरली होती आणि नियम शंभर माणसांचे. अध्यक्ष ग्लेनिस. बाईचं आयुष्य औषधांच्या दुकानात गेलेलं, त्यामुळे तोंडाकडे बघूनच कुणाला काय झालंय ते तिला कळे. ब्रॅडफर्डहून येणारी शबाना मीर दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. मालिका संपली तेव्हा ती जन्मलीही नव्हती, बापाच्या कॅसेटी बघून तिने ती पाठ केली होती. ऐंशी ओलांडलेला विल्फ सग्डन काळी बिअर मागवायचा, अर्धी प्यायचा आणि उरलेल्या अर्ध्याच्या सोबतीने डुलकी काढायचा. चौथा आपला क्लाइव्ह, पोटापाण्यासाठी लोकांना गाडी शिकवणारा.

यंदा वसंतात वाहिनीने 'इल्व्हा' नावाची नवी मालिका काढली. जुन्या घरात पोटभाडेकरू घुसवावा तशी ही पोटमालिका. तीच कोठी, तोच हिरवट उजेड, तीच रोझालिंड, फक्त केस पांढरे. इथवर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण जाहिरातीतच एक वाक्य टाकलं होतं, की कॅप्टन टॅलो हल्ली कुठल्याशा ग्रहावर मधमाश्या पाळतो.

सूर्यात जळून गेलेला माणूस मधमाश्या पाळतो.

ग्लेनिसने त्याच रविवारी ठराव मांडला. क्लबातल्या कुणीही ही पोटमालिका बघायची नाही. जो बघेल त्याचा क्लबातर्फे कुठेही उभं राहण्याचा हक्क जाईल, शिवाय सगळ्या टेबलाला एकेक पेय पाजावं लागेल. चार हात वर झाले. त्यातला विल्फचा हात शबानाने धरून वर केला होता, पण तो मोजला गेला.

पुढे स्कारबरोच्या संमेलनवाल्यांचा निरोप आला. रोझालिंड येतेय, तिला प्रश्न विचारायला नेहमीसारखा तुमच्यातला एक जण पाठवा. नेहमीसारखा म्हणजे ग्लेनिस. आजवर 'हेलवर्ड स्टेशन'मधलं जे जे कोणी स्कारबरोला आलं, अगदी यंत्रमानवाच्या आत बसणारा गृहस्थसुद्धा, त्याच्या शेजारी ग्लेनिसच बसली होती.

आता क्लाइव्हला एक गोष्ट ठाऊक होती. गुरुवारी, 'इल्व्हा' लागायच्या वेळेला, तो कुत्र्याला फिरवायला ग्लेनिसच्या गल्लीतून जायचा. तिच्या पडद्यांच्या फटीतून भिंतीवर जो हिरवट उजेड पडलेला दिसे, तो जगात दुसऱ्या कुठल्या मालिकेचा नव्हता. पण हे बोलायचं कसं? बोललं की पुढचा प्रश्न तयार. तुझ्या कुत्र्याला नेमकं तिचंच कुंपण का लागतं, तेही दर गुरुवारी?

तेव्हा गळ टाकायचं ठरलं. मालिकेतली एखादी गोष्ट मुद्दाम चुकीची सांगायची. क्लबातलं माणूस उपाशी राहील, अपमान गिळेल, पण चुकीचा तपशील त्याच्या घशाखाली उतरत नाही. ग्लेनिस दुरुस्त करायला तोंड उघडेल आणि सापडेल.

फक्त, चुकीचं सांगायला बरोबर काय ते माहीत हवं. म्हणून क्लाइव्हने 'इल्व्हा' पाहिली. निव्वळ पुराव्यादाखल. पहिला भाग उभ्याने पाहिला, अंगातला कोट न काढता, म्हणजे पाहिलं असं म्हणता येऊ नये. दुसरा सोफ्याच्या हातावर टेकून. तिसऱ्या भागाला त्याने कुत्र्याला स्वयंपाकघरात कोंडलं, कारण मालकाला रडताना पाहून ते बिचारं भुंकायला लागलं होतं.

ठरल्या रविवारी सगळे जमले. विल्फची अर्धी बिअर संपली, मान छातीवर आली. क्लाइव्हने वेफर्सचं पाकीट फाडलं आणि सहज म्हणाला, "माझ्या बहिणीचा पोरगा बघतो ती पोटमालिका. फार भिकार आहे म्हणतो."

"त्याला सांग, डोळे धू," ग्लेनिस म्हणाली.

"म्हणतो, तिसऱ्या भागात एक व्यापारी येतो आणि कॅप्टनचा कोट कोठीत जमा करतो. निळा कोट. सगळी बटणं शाबूत."

ग्लेनिसच्या मानेवर लाल चट्टा उठला. तिने ग्लास उचलला, तो रिकामा होता, तरी प्यायली. क्लाइव्ह मनात म्हणाला, आलीस गळाला.

"निळा?" शबाना म्हणाली.

"निळा."

"काहीतरीच काय. तपकिरी आहे तो. आणि दुसरं बटण नाहीये, तिथे नुसता दोरा लोंबतोय." बोलून झालं आणि तिने हळूच पाकिटातला एक वेफर उचलून तोंडात टाकला. "पोस्टरवर पाहिलं मी."

"पोस्टरवर कोट नाही, पोरी," क्लाइव्ह म्हणाला.

"मग बसवर असेल."

"वेकफिल्डच्या बसला दोरा लोंबलेला कळला तुला?"

शबानाने हात जोडले नाहीत इतकंच. "बरं बाबा, बघितली. घरी अब्बा बघतात. मी काय भिंतीकडे तोंड करून जेवू?"

गळाला भलताच मासा लागला होता. क्लाइव्ह त्याला सोडवून पुन्हा पाण्यात टाकणार, एवढ्यात ग्लेनिस बोलली. आवाज शांत, दुकानात औषध कसं घ्यायचं ते समजावतात तसा.

"शबाना, वाद कशाला घालतेस? क्लाइव्हचा भाचा म्हणतो तर निळाच असेल. कुणीसं सांगितलं मला, की मग इल्व्हा तो कोट घेते आणि तिसऱ्या खुंटीला अडकवते."

क्लाइव्हने वेफर घेतला. परत ठेवला. दुसरा घेतला. तिसऱ्या खुंटीला. त्या बाईने कोट हातात घेतल्यावर जे केलं होतं, ज्यासाठी कुत्र्याला कोंडावं लागलं होतं, त्याचं हिने 'खुंटीला अडकवते' करून टाकलं होतं.

"अडकवते म्हणे," तो म्हणाला. "अडकवायला ती काय हॉटेलातली पोरगी आहे? घडी घालते. आधी बाह्या आत, मग कॉलर. बघतसुद्धा नाही कोटाकडे. आणि घडी घालता घालता हाताला खिशात काहीतरी लागतं, तेव्हा..."

तो थांबला. अकरा म्हणून इल्व्हा थांबली होती तसा.

"तेव्हा काय, क्लाइव्ह?" ग्लेनिसने विचारलं. "भाचा फार बारकाईने बघतो बरं का."

क्लाइव्हने शबानाकडे पाहिलं. तिने तोंडावर हात धरला होता, खांदे मात्र हलत होते. आता लपवून तरी काय मिळणार होतं?

"मधाची बाटली," तो म्हणाला. "छोटी. अर्धी भरलेली."

"पाऊण," ग्लेनिस म्हणाली.

हे ती बोलली, की तिच्या आतून कुणी बोललं, सांगता येत नाही. ग्लेनिसने डोळे मिटले, आणि अध्यक्षपद गेलंच आहे तर मत तरी पूर्ण मांडावं, अशा थाटात म्हणाली, "पाऊण भरलेली होती. मी तीनदा मागे नेऊन पाहिलं. अर्धी असेल तर त्याने खाल्ली आणि विसरला. पाऊण आहे म्हणजे थोडी चाखून पाहिली, चांगली झालीय म्हणून तिच्यासाठी पाठवली. फरक आहे की नाही?"

"फरक आहे," क्लाइव्ह म्हणाला.

"मग?"

"पण अर्धीच होती."

पुढे जे झालं त्याला भांडण म्हणणं जड जातं. मधमाश्यांना शिव्या घालत बसलेल्या तीन माणसांनी दोन महिने पोटात दाबून ठेवलेलं सगळं टेबलावर ओतलं. मध अर्धा की पाऊण. कॅप्टन जिवंत कसा. तो सूर्याला वळसा घालून गेला असणार, असं शबाना म्हणाली. ग्लेनिसने लगेच बिअरच्या ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती उलटी करून त्यावर वळसा काढून दाखवला. क्लाइव्ह तर एकदा म्हणूनही गेला, की ही पोटमालिका मूळ मालिकेपेक्षा... आणि मग त्याने घोट घेतला.

आवाजाने विल्फ जागा झाला. "कसला मध?"

तिघांनी त्याच्याकडे पाहिलं.

"विल्फ अंकल," शबाना गोड आवाजात म्हणाली, "तुम्ही 'इल्व्हा' बघता?"

"लावतो की दर गुरुवारी."

"मग संपलंच," क्लाइव्ह म्हणाला. "कुणीच उरलं नाही."

"पण ते नावं येतात ना सुरुवातीला, ते संथ गाणं," विल्फ म्हणाला, "तिथेच माझा डोळा लागतो. जागा होतो तेव्हा बातम्या चालू. माझी मॉडी गेल्यापासून असली झोप नव्हती आली मला. ठराव मोडला का रे मी? पाजायला लागेल काय?"

प्रश्न नियमाचा होता, आणि नियमाच्या प्रश्नात या माणसांचा हात कुणी धरू नये. मालिकेसमोर झोपणं म्हणजे बघणं आहे का? क्लाइव्हचं म्हणणं, टीव्ही लावला तिथेच गुन्हा झाला. ग्लेनिसने वळून विचारलं, गाडी शिकायला आलेला माणूस स्टिअरिंगवर झोपला तर त्याला गाडी येते असं तू लिहून देशील का? क्लाइव्ह नाही म्हणाला, आणि त्या 'नाही'बरोबर खुर्ची गेली. ठरावानुसार क्लबात निष्कलंक माणूस एकच होता, आणि तो उरलेल्या अर्ध्या बिअरकडे वळला होता.

स्कारबरोला जायला विल्फकडे गाडी नव्हती. क्लाइव्हकडे होती, शिकवायची, शेजारच्या आसनापुढेही ब्रेक असलेली. विल्फ त्या आसनावर बसला, यॉर्कच्या पुढे झोपला आणि झोपेत पाय ताणू लागला. गाडी दर थोड्या वेळाने भर रस्त्यात गचके खात थांबे आणि मागे बसलेल्या दोघी पुढे येत. प्रत्येक गचक्याला विल्फ जागा होई, आणि क्लाइव्ह तेवढ्यात त्याला प्रश्न घोकून घेई. "नऊ, दहा, अकरा, विल्फ. आणि मग बारा का नाही म्हणाली, एवढंच."

सभागृह भरलं होतं. रोझालिंड पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत होती तेव्हाच विल्फ झोपला. लोक हसले. तिने त्याच्याकडे पाहिलं, माइकवरचा आवाज खाली आणला आणि त्याची झोप मोडू नये म्हणून बाकीचं जवळजवळ कुजबुजत सांगितलं. असा मान यंत्रमानववाल्यालासुद्धा मिळाला नव्हता. पाऊण तास संपत आला तेव्हा विल्फने डोळे उघडले.

"शेवटच्या भागात तू बारा का म्हणाली नाहीस, पोरी?" तो म्हणाला. "तो बघ, खाली बसलाय टक्कलवाला. तीस वर्षं त्याला झोप नाही."

रोझालिंडने क्षणभर आठवलं, आणि मग ती खळखळून हसली.

"चहाची गाडी," ती म्हणाली. "दारासमोरून चहाची गाडी निघून चालली होती. सकाळपासून घोटभर मिळाला नव्हता मला. मी दिग्दर्शकाला म्हटलं, चुकलं, पुन्हा घेऊ. तो म्हणाला, पैसे सगळे सूर्यावर संपले, आहे तेच जाऊ दे."

सभागृह हसून लोटपोट झालं. क्लाइव्हही हसला, पण बाकीच्यांच्या थोडा मागून. शबानाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "मनाला लावून घेऊ नकोस. प्रेम होतंच की. फक्त कॅप्टनवर नव्हतं."

आता जमाखर्च. शबानाने एक फेरी पाजली आणि वर अब्बांची बोलणी खाल्ली, पोस्टरचं नाव घेण्याआधी पोस्टर बघायचं नाही का म्हणून. ग्लेनिसने दुसरी फेरी पाजली, शिवाय पहिल्या रांगेत बसून, खाली बसलेल्यांना पाहुण्यांचे बूट किती मोठे दिसतात, ते आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. क्लाइव्हने तिसरी फेरी पाजली, जातायेता पेट्रोल भरलं, गाडीचे ब्रेक नवे बसवले, समुद्रावर चौघांना तळलेला मासा खाऊ घातला, त्यातला विल्फचा सीगलने नेला म्हणून आणखी एकदा घेतला, आणि चार लेख मातीमोल झाले ते वेगळेच.

विल्फच्या खात्यावर खर्च काहीच नाही. गालावर एक पापी जमा आहे, आणि पाण्याचा ग्लासही त्याला रोझालिंडनेच भरून दिला.