तारणहार कोण?

सातवीच्या वर्गात मी फळ्यावर ‘तारणहार’ लिहिलं. तारणं म्हणजे पाण्यातून पैलतीराला नेणं; संकटातून वाचवतो तो तारणहार, असा अर्थ सांगितला आणि वाक्यात उपयोग करायला लावला.

मनतशा उठली. “दयानंद सर माझ्या आजोबांचे तारणहार आहेत.”

पोरांनी माझ्याकडे बघत टाळ्या वाजवल्या. मी फळ्याकडे तोंड केलं.

तिचे आजोबा निजामोद्दीन. रेणापूरच्या नाक्यावर त्यांचं पंक्चरचं दुकान आहे. गेल्या सप्टेंबरात ओढ्याच्या पुलावरून पाणी चाललं होतं. ते मला आडवे आले. “सर, जाऊ नका. पाणी लई हाय.”

“मला शिकवू नका,” म्हणालो आणि गाडी घातली. पुलाच्या मध्यावर गाडी वाहून गेली, मीही गेलो. एका बाभळीला अडकलो. फुगवलेली ट्यूब कमरेला बांधून त्या साठीच्या माणसानं मला ओढत काठाला आणलं. मग लोक जमले. चाचा चिखलात आडवे पडून धापा टाकत होते, मी शेजारी बसलेलो. एका बातमीदारानं विचारलं, “सर, तुम्हीच काढलं ना यांना?”

चाचा नको म्हणत असताना पाण्यात शिरलो, हे सांगायची लाज वाटली. मी हो म्हणून मान हलवली.

पेपरात फोटो आला. शाळेत शाल, नारळ, भाषणं झाली. सगळं घेतलं.

मनतशानं ते वाक्य केलं त्या दिवशी शाळा सुटल्यावर दुकानावर गेलो. ते घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत होते.

“चाचा, घरी खरं का नाही सांगितलं?”

“बायकोला, जोहराला सांगितलं की. पण नात तुमच्यावर लई खूश होती. तुझे सर झूट बोलले, असं लेकराला कसं सांगू?” त्यांनी वर पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी सगळं सांगितलं. पूल, बाभूळ, मान हलवली तेही.

मनतशा हळूच उठली. “सर, मोहल्ल्यातले लोक आजोबांना हसायचे. म्हातारपणी पोहायला गेला, मास्तरानं काढला म्हणायचे.” खाली बसत ती म्हणाली, “मीबी हसले होते.”

तास संपला. मग हेडमास्तरांकडे जाऊन तेच पुन्हा सांगितलं, पेपरच्या ऑफिसात फोन केला. खुलासा छापू म्हणाले.

संध्याकाळी नाक्यावरून जाताना मनतशा दुकानात दिसली. आजोबांच्या पाठीला डोकं टेकवून बसली होती, आणि ते एका हातानं टायर धरून दुसऱ्या हातानं तिला थोपटत होते. त्यांनी मला पाहिलं, बसायला हात केला.

मला गाडी थांबवायचा धीर झाला नाही.