नवव्या आसनाची ऊब

"आली! ऊब आली! माझ्याखाली आली!"

बाहेर प्योंगचांगचे डोंगर गुडघाभर बर्फात, दिवाणखान्याला तिन्ही बाजूंनी बारा खिडक्या, आणि पाचव्या आसनावरचे म्हातारबुवा चुलीपुढं बसल्यासारखे घामाघूम. उरलेल्या सोळा भक्तांनी एकदम जमिनीला कपाळ टेकवलं.

योम गुरुजींचा चमत्कार साधा होता. सगळी जमीन गार; पण ज्याच्यावर कृपा, त्याच्याच आसनाखालून डोंगराची ऊब वर येई. तीनदा आली की रोग गेला, औषधं ओढ्यात. बोंग-सिमकडे ती दोनदा येऊन गेली होती. रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी तिनं आज बरोबरच आणली होती, ओढ्यात टाकायला.

तिची थोरली बहीण माल-सुन मात्र भिंतीवरच्या गुरुजींच्या तसबिरीकडे न बघता जमिनीकडे बघत होती. नवऱ्याच्या बरोबरीनं तीस वर्षं तिनं लोकांच्या घरांत, खोल्या उबदार राहाव्यात म्हणून, जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्या अंथरल्या होत्या. नवरा गेला, नजर राहिली.

"बारा खिडक्या, आणि त्यांच्याखाली एक नळी नाही?" खिडकीखालच्या गार जमिनीवर तळवा फिरवत ती पुटपुटली. "गारवा काचेवरून खाली उतरतो. आधी तिथंच नळ्या दाटीनं टाकायच्या असतात."

"ताई, हे मिस्त्रीचं काम नव्हे. डोंगराचं आहे."

"अशी चूक एक अडाणी माणूस करतो, नाहीतर फार हुशार."

पाय मोकळे करायच्या निमित्तानं ती बाहेर गेली. व्हरांड्यात एका कपाटाला पाठ लावून गुरुजींचा मेहुणा भाजलेलं रताळं सोलत बसला होता.

"आत काय आहे हो?"

"गुरुजींची वस्त्रं."

"मग ती खळखळतायत का?"

मेहुण्यानं तोंडात रताळं कोंबलं.

ती परतली तेव्हा गुरुजी डोळे मिटून घुमत होते. "नऊ शिखरं! नऊ झरे! नऊ नागांचा श्वास!" मघाशी म्हातारबुवांच्या वेळी पाच दिशा आणि पाच तत्त्वं होती. माल-सुननं आसनांवर दोऱ्यानं भरलेले आकडे पाहिले. बोंग-सिमचं नऊ. तिचं स्वतःचं चौदा. प्रवचन चाळीस मिनिटांचं; सिमेंट तापायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो.

"बोंग-सिम, ऊठ. माझ्या जागेवर जा. आसन राहू दे."

"आत्ता? अगं, माझी तिसरी खेप आहे!"

"उबेची जागा थोरल्यांची. आईनं काय शिकवलंय?"

बोंग-सिम तोंड पाडून उठली.

चाळीस मिनिटं झाली. "बोंग-सिम!" मिटल्या डोळ्यांनी गुरुजी गरजले, "संशयी बहिणीला आणलंस, तरी डोंगर तुझ्यावर प्रसन्न! आली ऊब?"

"नाही गुरुजी. बूड गोठलंय माझं."

"माझं भाजतंय," माल-सुन म्हणाली. "तुम्हाला ढोंगी म्हणायचं राहिलं होतं, ते आता म्हणते."

गुरुजींनी डोळे उघडले. "श्रद्धा कमी पडली!"

"कुणाची? डोंगराची?"

तिनं नववं आसन उचललं आणि ओल्या फडक्यानं खालची जमीन पुसली. सगळे वाकून बघत राहिले. ओल हळूहळू सुकू लागली, पण सगळीकडे सारखी नाही. डासांच्या अगरबत्तीसारखा गोल वळसा आधी कोरडा पडला.

"ही नळी. एकेका आसनाखाली एकेक वेटोळं. आता वस्त्रं बघू या."

कपाट उघडलं. आत नळ्यांच्या सतरा चाव्या ओळीनं, प्रत्येकीवर आकडा. उघडी होती ती फक्त नववी, प्रवचनातला आकडा ऐकून मेहुण्यानं फिरवलेली. मेहुण्याच्या हातातलं रताळं गार पडलं होतं.

"म्हणजे," म्हातारबुवा चाचरले, "माझी साखरेची गोळी...?"

"आजच डॉक्टरांकडे जा, आजोबा. ओढ्याला मधुमेह नाही."

बोंग-सिमनं डबी उघडली आणि जवाच्या चहाबरोबर गोळी गिळली.

चमत्कार दिसला तर हात जरूर जोडावेत. फक्त त्याआधी एकदा शेजाऱ्याशी जागा बदलून बसावं.