बेसला दहापैकी दहा

बाईंचा जुना हेडफोन एका मंगळवारी डाव्या बाजूने गेला. इतक्या वर्षांच्या सोबतीनंतर बाईंना वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि बरी पीडा टळली म्हणून पाणी प्यायल्या.

ते कार्यालय तक्रारींच्या सुनावणीचं. कुणाच्या छतातून वरच्या शेजाऱ्याचं पाणी झिरपतं, कुणाच्या दारासमोर गटार तुंबतं, कुणाच्या भिंतीत दुसऱ्याने खिळे ठोकलेत. अशी गांजलेली माणसं वरच्या मजल्यावर लांब टेबलाशी येऊन बोलत आणि टेबलावरचे माइक ते टिपून घेत. खालच्या मजल्यावर, फायलींच्या कपाटांमागे बसलेल्या बाई ते ऐकून शब्दन् शब्द टाइप करत. पायाखाली पेडल असे. दाबलं की आवाज चालू, सोडलं की बंद, टाचेने दाबलं की चार सेकंद मागे. हे बावीस वर्षं चाललं होतं. निवृत्तीला अजून पाच होती.

जुना हेडफोन डोक्याला चिमट्यासारखा धरायचा. चष्म्याच्या काड्या त्याच्याखाली दबून कानशिलांत रुतायच्या. उजव्या बाजूची गादी झिजून गेली होती, तिथे बाईंनी रुमालाची घडी शिवली होती. संध्याकाळी घरी जाईपर्यंत कानाच्या पाळ्या अशा ठणकायच्या की नवऱ्याने "चहा?" म्हटलं तरी बाई हात जोडायच्या. नवरा समजूतदार, तो खुणेने विचारायला शिकला. पुढे त्याच्या खुणा इतक्या वाढल्या की या नवरा-बायकोत कित्येक वर्षांचा अबोला आहे, असं शेजाऱ्यांनी ठरवून टाकलं.

आता नवा हेडफोन घ्यायचा तर समिती हवीच. समितीत मोठे साहेब, अकाउंटंट आणि भांडारपाल असे तिघं. बाईंना "उपस्थित राहण्यास हरकत नाही" असं कळवलं होतं. मत मात्र नव्हतं. आणि एकदा भांडारातून निघालेली वस्तू पाच वर्षं बदलायची नाही, असा नियम. म्हणजे हे तिघं जे निवडतील ते निवृत्तीच्या दिवसापर्यंत बाईंच्या डोक्यावर बसणार होतं.

दुकानातून तीन नमुने आले, तिन्ही स्वस्तातले. किमतींत फारसा फरक नसल्यामुळे भांडायला आवाज, आराम आणि बेस एवढेच मुद्दे उरले, आणि तुलनात्मक तक्त्यात तेवढेच तीन रकाने आखले गेले. पहिला हेडफोन काळा, जाडजूड, दोन्ही बाजूंना लाल दिवे लुकलुकणारा. दुसरा काडीसारखा किडकिडीत, पण कानावर बसला की कपड्यांचा चिमटा बरा वाटावा असा. तिसरा करडा, दिसायला गरीब, कापडी गाद्यांचा.

समिती बसायच्या आदल्या दिवशी बाईंनी जेवणाच्या सुट्टीत तिन्ही घालून पाहिले होते. करडा घातला, एक सुनावणी ऐकली, डबा संपवला आणि डबा धुवायला उठल्या, तर वायरीबरोबर रेकॉर्डिंगचं अख्खं यंत्र टेबलाच्या कडेपर्यंत घसरत आलं. हेडफोन डोक्यावर आहे हेच त्या विसरल्या होत्या. त्या संध्याकाळी घरी त्या मोठ्याने म्हणाल्या, "चहा टाका, मीपण घेईन." नवऱ्याने दचकून खुणेनेच विचारलं, काय झालं?

तेव्हापासून बाईंचा जीव त्या करड्यात अडकला होता.

समिती बसली. अकाउंटंट आवाजातला दर्दी. त्याच्या गाडीत बसलं की गाण्याचे शब्द नाही कळले तरी बरगड्या मोजता येतात, अशी ख्याती. त्याने प्रत्येक हेडफोन पाण्याच्या पेल्याला लावून पाण्यावर तरंग उठतात का ते वाकून पाहिलं. काळ्याने पाणी टेबलावर सांडवलं.

"हा खरा बेस!" तो म्हणाला. "बेस म्हणजे आवाजाचा पाया, साहेब. पायाच नसेल तर वर काय बांधणार?"

"पण मला तर माणसांचं बोलणं ऐकायचं असतं," बाई म्हणाल्या.

"बाई, माणसाच्या बोलण्यालाही पाया लागतो."

भांडारपालांची तऱ्हा वेगळी. त्यांचे केस घनदाट, काळेभोर आणि मध्यभागी कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे. हेडफोन डोक्यावर न चढवता ते दोन्ही हातांनी कानांपासून चार बोटं लांब धरून ऐकत. "मला गरम होतं," म्हणाले. अशा उंटावरून शेळ्या हाकून त्यांनी आरामाच्या रकान्यात तिघांनाही दहापैकी दहा दिले. बरोबरच होतं म्हणा, त्यांना तिन्ही सारखेच आरामदायक वाटले.

मोठे साहेब वृत्तीने न्यायी. त्यांनी प्रत्येकावर अर्धं अर्धं गाणं ऐकलं, लाल दिवे चालू-बंद करून पाहिले आणि बेरीज केली. काळा पहिला आला. करडा तिसरा, कारण बेसमध्ये त्याला दहापैकी दोनच मिळाले होते.

पाच वर्षं त्या काळ्या धोंड्याखाली काढायची! त्यांनी तो आदल्या दिवशी दहा मिनिटं घातला होता आणि मान अजून अवघडलेली होती. एरवी बाई समितीपुढे बोलणाऱ्यातल्या नव्हेत, पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

"साहेब, एकदा कामाचं रेकॉर्डिंग लावून बघा ना. गाणं काय, कशावरही चांगलंच वाटतं. मागच्या सुनावणीतले ते आजोबा आठवतात? दात नाहीत, हळू बोलतात. त्यांचं बोलणं ज्याच्यावर कळेल तो घ्या. माझं दुसरं काही म्हणणं नाही."

साहेबांना हे पटलं. बाईंनी यंत्र समितीच्या टेबलावर आणलं, आजोबांची जागा शोधून लावली आणि पेडल साहेबांच्या बुटाखाली सरकवलं. यात बाईंचा काही डाव होता असं कुणाला वाटेल, तर तसं नव्हतं. रेकॉर्डिंगमधली सर्वांत अवघड जागा म्हणून त्यांना तीच आठवली, एवढंच. त्या जागी आणखी काय आहे ते त्या विसरल्या होत्या, जसा माणूस घरातल्या घड्याळाची टिकटिक विसरतो.

साहेबांनी काळा घातला. "भुंभुं येतंय नुसतं. पण भरदार आहे."

मग करडा घातला. साहेबांचा चेहरा उजळला. "अरे वा! यांच्या स्वयंपाकघरात थेंब थेंब पाणी पडतंय म्हणतात. कढईत पडतं, म्हणून आधी कळलंच नाही म्हणे. हे त्या दिवशी मी ऐकलंच नव्हतं!" मग कपाळाला आठी पडली. "मागे हे काय घुरघुरतंय?"

भांडारपालांनी हेडफोन घेऊन चार बोटं लांबून ऐकलं. "पंखा, साहेब."

अकाउंटंटने नीट कानावर बसवून ऐकलं आणि तो एकाएकी गंभीर झाला. "पंखाच. जुना पंखा."

"पण पंखा असा मध्येच दम कसा खातो?" म्हणत साहेबांनी पुन्हा हेडफोन घातला. घुरघुर चालली होती, वाढत होती, एका जागी ती शिट्टी वाजवून थांबली, आणि लगेच साहेबांचा स्वतःचा आवाज आला, "हं हं, बोला, ऐकतोय मी."

साहेब टाळूपर्यंत लाल झाले. आता हे लपवायचं कसं? त्यांनी घाईघाईने बटण फिरवून रेकॉर्डिंग पुढे पळवलं आणि ते थांबलं ते नेमकं सुनावणी संपल्यानंतरच्या भागात. आता हे लक्षात घ्या की माइक बंद करायचं काम शिपायाचं, आणि शिपाई ते चहाचे कप गोळा करायला येईल तेव्हा करणार. तोवर वीस-वीस मिनिटं माइक चालूच. त्या वेळातलं बोलणंही टिपलं जातं, हे सगळ्या कार्यालयात फक्त बाईंना ठाऊक होतं.

यंत्रावरचा आकडा पाहून बाईंना कळलं की साहेब कुठे पोचलेत. त्यांनी पेडलकडे पाहिलं, पण ते साहेबांच्या बुटाखाली घट्ट दबलेलं होतं.

साहेब ऐकत राहिले. मग त्यांनी हेडफोन काढला, चार सेकंद मागे नेलं आणि तो अकाउंटंटपुढे धरला. "ऐका."

अकाउंटंटने स्वतःचाच आवाज ऐकला. तो आवाज म्हणत होता, "आज साहेबांनी तीन डुलक्या काढल्या. उद्यापासून त्यांच्यासाठी तक्रारदाराऐवजी अंगाई म्हणणारा बोलवा." त्याच्या तोंडचं पाणी पळालं. हेडफोन काढायचं भान राहिलं नाही आणि रेकॉर्डिंग पुढे चालत राहिलं, तसा तो आणखीच पांढरा पडला.

"आणा इकडे," भांडारपाल म्हणाले. अकाउंटंट देईना. भांडारपालांनी ओढून घेतला आणि उत्सुकतेपोटी प्रथमच सरळ डोक्यावर चढवला. त्या दिवशी भांडारपाल खोलीबाहेर गेल्यावर अकाउंटंट शिपायाला सांगत होता, "यांचे केस त्यांचे नाहीत रे. खुर्च्या-टेबलांबरोबर डेड स्टॉक रजिस्टरला नोंद आहे त्यांची."

भांडारपालांनी हेडफोन काढला. तुरा हेडफोनबरोबर दोन इंच मागे सरकला होता. कुणी हसलं नाही, हसायची कुणाची छातीच झाली नाही.

बराच वेळ भिंतीवरच्या पंख्याचा, म्हणजे खरोखरच्या पंख्याचा, आवाज येत राहिला. मग साहेबांनी घसा खाकरला.

"करडा नमुना... स्पष्ट आहे. गरजेपेक्षा जास्तच."

"आपल्या कार्यालयाला इतकी स्पष्टता परवडणारी नाही," अकाउंटंट म्हणाला.

"काळाच बरा," भांडारपाल केस पुढे ओढत म्हणाले. दोघं एकमेकांकडे पाहत नव्हते, पण मत एक झालं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. साहेबांनी पेन उघडलं आणि काळ्याच्या नावापुढे टेकवलं.

"साहेब, एक सांगू?" बाई म्हणाल्या. "तुम्ही घाबरताय ते उगाच. हे सगळं मी जुन्या हेडफोनवरही ऐकतच होते. बावीस वर्षं. तुमच्या आधीचे दोन साहेब ऐकले, त्यांच्या मागे काय बोललं जायचं तेही ऐकलं. करड्यावर जास्त काही ऐकू येणार नाही. फक्त माझे कान दुखणार नाहीत."

"मग तुम्ही हे... कधी कुणाला?"

"या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही, साहेब."

"आणि टाइप करताना?" अकाउंटंटने विचारलं. "शब्दन् शब्द उतरवायचा असा नियम आहे ना?"

"तिथे मी कंसात 'अस्पष्ट' लिहिते."

साहेबांनी मागच्या सुनावणीची फाइल मागवली. आजोबांची कढईतली गळती अक्षर न् अक्षर उतरलेली होती. दोन वाक्यांच्या मध्ये, जिथे साहेबांचा पंखा घरघरत होता, तिथे फक्त (अस्पष्ट). शेवटच्या पानावर तर ओळीने सात वेळा (अस्पष्ट), (अस्पष्ट). साहेबांनी त्याच्या मागची फाइल पाहिली, तिच्या मागची पाहिली. मग ते थांबले, कारण त्यांना काहीतरी आठवलं, आणि बाकीच्या दोघांनाही तेच आठवलं.

गेल्या वर्षी याच तिघांनी बाईंना लेखी समज दिली होती. "आपल्या कामात 'अस्पष्ट' या शेऱ्याचे प्रमाण अवाजवी आहे. अधिक लक्षपूर्वक ऐकावे." खाली साहेबांची सही होती. बाईंनी ती समज घेतली होती, पोच म्हणून सही केली होती आणि तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

"बाई, तेव्हा का नाही बोललात?" साहेबांनी विचारलं.

"काय बोलणार होते साहेब? तुमचं घोरणं मला स्पष्ट ऐकू येतं, असं?"

अकाउंटंट टेबलावर सांडलेलं पाणी बोटाने इकडून तिकडे करत बसला. भांडारपाल म्हणाले, "मला वाटायचं, बाईंना कमी ऐकू येतं. मी चारचौघांत बोललोही तसं." आणि हेही बाईंनी ऐकलेलं असणार हे ध्यानात येऊन ते पुन्हा केस पुढे ओढू लागले.

साहेबांनी बाईंचा जुना हेडफोन उचलला. रुमालाची शिवलेली घडी पाहिली. तो स्वतःच्या डोक्यावर चढवला, चष्म्यासकट, आणि तसेच बसून राहिले. एक मिनिट गेलं, दोन गेली. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी तो काढला आणि कानशिलं चोळली.

"फार दुखतात का हो कान?"

बावीस वर्षांत हे कार्यालयात कुणी विचारलं नव्हतं. बाईंना मोठं उत्तर द्यायचं होतं, पण "हो," एवढंच म्हणाल्या.

तुलनात्मक तक्ता नव्याने आखला गेला. बेसचा रकाना अकाउंटंटने स्वतः पट्टी घेऊन खोडला. आरामाचे गुण भांडारपालांनी या वेळी हेडफोन घालून दिले, मात्र सगळ्यांना आधी भिंतीकडे तोंड करायला लावून.

करडा हेडफोन आला. पुढच्या सुनावणीचं रेकॉर्डिंग खाली आलं तेव्हा बाईंनी तो कानांवर ठेवला आणि कामाला लागल्या. एक बाई शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीबद्दल तासभर बोलत होती आणि मागे कुणीही घोरत नव्हतं. सुनावणी संपली. खुर्च्या सरकल्या. बाईंची बोटं सवयीने कंसाच्या बटणावर गेली.

पण कुणी कुणाबद्दल काही बोललं नाही. पावलं माइकजवळ आली. अकाउंटंटचा आवाज आला, अगदी तोंड माइकला लावून, "बाई, ऐकू येतंय ना नीट?" मागून भांडारपाल म्हणाले, "विचारा, कान दुखत नाहीत ना?" आणि लांबून, बहुधा दारातून, साहेब ओरडले, "त्यांना म्हणावं, दुखले तर लगेच सांगा. समिती नंतर बसवू!"

बाईंनी टाच दाबली, चार सेकंद मागे गेल्या आणि ते पुन्हा ऐकलं. मग आणखी एकदा ऐकलं.